टेंभरे काकाजींच्या दिशा

डावा आणि उजवा हे दोन शब्द टेंभरे काकाजींना मान्य नाहीत. कळत नाहीत असं नाही, लबाड वाटतात. "डावा-उजवा माणसासंगं फिरते, मॅडम," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "तुम्ही तोंड फिरवलं का तुमचा डावा गेला दुसरीकडं. दिशा जाग्यावर राहते. इमानदार असते."

प्रसंग माझ्या पलंगाचा होता. गोंदियातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला मी साताऱ्याहून आले आणि काकाजींच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. टेम्पोतून सामान उतरवणाऱ्या हमालांना काकाजींनी सांगितलं की पलंग दक्षिणेच्या भिंतीला लावा, उशी पूर्वेला. हमाल म्हणाला, "चाचा, लेफ्ट बोलो या राइट बोलो." काकाजींनी पलंग अंगणात ठेवायला लावला, हमालाला उन्हात उभं केलं, सूर्य कुठून उगवतो ते विचारलं, सावली दाखवली, आणि त्याच्या तोंडून चारही दिशा म्हणवून घेतल्यावरच पलंग आत जाऊ दिला. मला वाटलं, वास्तुशास्त्राचं वेड असेल. तसं काही नव्हतं. पलंग कसाही लावला तरी त्यांची हरकत नव्हती. तो कुठं आहे हे माहीत असलं पाहिजे, एवढंच.

हेमराज टेंभरे वनखात्यात गार्ड होते. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी नवेगाव बांधच्या जंगलात. बिरसीकडं त्यांची धानाची शेती आहे, ती आता बटईनं दिलेली. एकुलता एक मुलगा राजू रायपूरला असतो. काकाजींच्या भाषेत तो "पूर्वेले असते". त्याचा फोन आला की बोलताना काकाजी आपोआप पूर्वेकडं तोंड करून उभे राहतात. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर घिरट्या घालतात. आवाज आला की काकाजी वर न बघता सांगतात, "आता उत्तरेले वळलं." मी सुरुवातीला अंगणात धावत जाऊन पडताळून बघत असे. मग सोडून दिलं.

घरात मीठ मागायचं तर "मीठ थोडं पश्चिमेले सरकवा" असं मागायचं. पाठीला खाज सुटली तर काकी विचारत, कुठं, आणि काकाजी म्हणत, "नैऋत्येले." एकदा त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना दाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, अदबशीर होता. कोणती दाढ दुखते असं त्यानं विचारलं. काकाजी म्हणाले, दक्षिणेची, खालची. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं. मग काय करावं हे न सुचून त्यानं काकाजींना दुसऱ्या, जास्त उजेडातल्या खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा तोच प्रश्न केला. काकाजी शांतपणे म्हणाले, "आता ते पश्चिमेची झाली." शेवटी डॉक्टरनं प्रत्येक दाढेवर ठोकून पाहिलं. चौथ्या ठोक्याला काकाजींनी त्याचा हात धरला.

पाहुणा कोणीही असो, चहाच्या आधी परीक्षा ठरलेली. "बोट दाखवा, तुमचं गाव कोणीकडं हाय." विम्याचा एजंट असो, लग्नपत्रिका द्यायला आलेले नातेवाईक असोत, सुटका नाही. बरोबर दाखवलं तर चहात आलं पडायचं. माझी परीक्षा झाली तेव्हा मी मोठ्या खात्रीनं पपईच्या झाडाकडं बोट केलं. काकाजींनी माझ्या बोटाच्या रेषेत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तिकडं गेल्या तं जगन्नाथपुरीले पोचाल. दर्शन होईल, पण माहेर नाही भेटणार."

खरं सांगायचं तर माझं दिशांचं अंग पहिल्यापासून कच्चं. गोंदियाचे रेल्वेरुळांनी दोन भाग केले आहेत, आणि महिनाभर मी स्टेशनाच्या नेमकी नको त्या बाजूला बाहेर पडत होते. विज्ञानाच्या बाईला हे शोभत नाही, असं काकाजींचं मत. फोनवरचा नकाशा वापरते म्हटलं तर तो त्यांनी हातात घेऊन पाहिला. आम्ही वळलो तसा पडद्यावरचा नकाशाही वळला. त्यांनी फोन परत दिला. म्हणाले, "हे फोनातली बाई सोताले मधात ठेवते आणि दुनिया फिरवते. याच्यानं कोणी शिकते का?"

मी पोहोचायचे ते सुलोचनाकाकींमुळं. काकींना लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली, पण उत्तर-दक्षिण त्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही. त्यांचा पत्ता सांगण्याचा प्रकार निराळा. शीतलाच्या सासूनं जिथं दुकान टाकलं तिच्या समोरून जायचं, मग ज्यांच्या सुनेला जुळी झाली त्यांचं निळं फाटक, मग जिथं नेहमी कुत्रा झोपलेला असतो तिथून आत. काकाजी हे ऐकून कासावीस व्हायचे. कुत्रा उठला तर काय करायचं, असं त्यांनी एकदा विचारलं. काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "उठत नाही तो." आणि खरोखर, मी गेले तेव्हा कुत्रा तिथंच होता.

या गोष्टीवरून दोघांची रोज वादावादी चाले. घरात ती दोघं पोवारी ही आपल्या समाजाची बोली बोलतात आणि भांडण जसं तापतं तसा वेग वाढतो. हळूहळू मला ती समजायला लागली, पण इथं मी ते माझ्या कानांना जसं मराठीत ऐकू आलं तसं लिहिते आहे.

एकदा दहावीच्या वर्गाला मज्जासंस्था शिकवायची होती. व्हरांड्यात बसून मी टाचण काढत होते. काकाजी शेजारी दोरी वळत बसले होते. मेंदूचं चित्र पाहून त्यांनी विचारलं की यात दिशा कुठं असते. पुस्तकात तसं काही नव्हतं, पण मी इतरत्र वाचलेलं होतं, ते सांगितलं. मेंदूत आत खोलवर अशा काही पेशी असतात की डोकं एका विशिष्ट दिशेला वळलं की तेवढ्याच जाग्या होतात. दुसरीकडं वळलं की दुसऱ्या. आणखी काही पेशी जागेच्या असतात. उंदीर खोलीच्या या कोपऱ्यात आला की ही बोलते, त्या कोपऱ्यात गेला की ती. आणि काही पेशी जमिनीवर जाळं टाकल्यासारखं अंतर मोजत असतात. म्हणून अंधारातही, किती पावलं चाललो आणि किती वळलो, यावरून आपण कुठं आहोत याचा हिशेब डोक्यात सुरू राहतो.

काकाजींच्या हातातली दोरी थांबली होती. मला वाटलं, पटलं नाही. पण त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे आतमधी गार्ड बसवून आहेत?"

जंगलाचा जो तुकडा एका गार्डच्या ताब्यात असतो त्याला बीट म्हणतात. काकाजींच्या मते सगळं स्पष्ट होतं. या जागेच्या पेशी म्हणजे बीट गार्ड. आपल्या बीटात माणूस शिरला की शिट्टी मारतात. त्या दिशेच्या पेशी नाक्यावरच्या. त्या फक्त तोंड कुणीकडं आहे तेवढं बघतात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हेच सांगितलं. मुलांना जे एरवी दोन तासांत समजलं नसतं ते पाच मिनिटांत समजलं.

संध्याकाळी काकाजींनी माझ्या दारात येऊन एक शंका विचारली. या गार्डांची बदली होते का? मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाले, रिटायर होतात का? मी म्हटलं, बहुतेक लोकांचे शेवटपर्यंत कामावर असतात. त्यावर ते समाधानानं निघून गेले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गोष्ट घडली. मी शाळेतून स्कूटीवर परत येत होते. उड्डाणपुलाच्या पायथ्याशी काकाजी उभे दिसले, हातात वांग्यांची पिशवी. रहदारी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि ते हलत नव्हते. मी थांबले तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाले की मॅडम, तुम्ही घरीच जाऊन राहिल्या न, मग मी मागं बसतो. मला जरा नवल वाटलं. मला रस्ता सापडत नाही म्हणून ते माझ्या गाडीवर कधी बसत नसत. वाटेत मी वळण चुकले. ते काही बोलले नाहीत.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी ती गोष्ट लपवली, आणि फार हुशारीनं लपवली. काकींना म्हणाले, पाय दुखतात, बाजारात तूच जा. पाहुणे आले तर सरळ चहा. मीठ मागताना "ते मीठ दे" एवढंच. काकींच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. एका सकाळी काकाजी बनियन उलटी घालून बसलेले दिसले. सरळ करा म्हटलं तर ऐकेनात.

हे कळायला एक गोष्ट माहीत हवी. इकडच्या जंगलात लोक मानतात की भुलनवेल नावाचा एक वेल असतो. त्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो, तिथल्या तिथं फिरत राहतो. त्यावर उपाय म्हणजे अंगातला कपडा काढून उलटा घालायचा. चौतीस वर्षं काकाजी या समजुतीला हसत आले होते. वाट चुकलेल्या मजुरांना ते सांगायचे की भुलनवेल नसते, बेफिकिरी असते. तेच काकाजी आता बनियन उलटी घालून पपईच्या झाडाकडं बघत बसले होते. काकींनी मला हाक मारली.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. मागच्या बाजूला लहानशी रक्ताची गुठळी अडकून गेली होती. हात चालत होता, पाय चालत होता, बोलणं स्वच्छ होतं. थोडक्यात निभावलं, देवाचे आभार माना, असं डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. ते बरोबरच होतं. बाहेर लोक चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं सांगणार की आमच्या माणसाची उत्तर हरवली आहे.

घरी आल्यावर मी विचारलं, नेमकं काय होतं. काकाजी म्हणाले, "घरं दिसून राहिली. रस्ते दिसून राहिले. वळखूबी येते, हे शीतलाचं, हे दवाखान्याचं. पण ते एकमेकाशी बोलून नाही राहिले. एक संपते, मंग दुसरं कोठं हाय ते मालूमच नाही." मग त्यांनीच जोडलं, "बीट खाली झाली, मॅडम. सगळी."

त्यानंतरचे दिवस काकींचे होते. रोज सकाळी त्या काकाजींना हात धरून बाहेर नेत आणि आपल्या पद्धतीनं रस्ता शिकवत. इथं अमक्याच्या सुनेनं माहेरून आणलेली तुळस, इथं तमक्याचं मोडलेलं फाटक, आता विचारा मला की फाटक कोणी मोडलं. काकाजी विचारत. काकी सांगत. ती हकिकत संपेपर्यंत पुढचं वळण यायचं. ज्या माणसाला आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बातम्यांचा कंटाळा होता तो आता त्या लहान मुलासारख्या पाठ करत होता. महिनाभरात ते एकटे दुकानापर्यंत जाऊन यायला लागले. पण चेहऱ्यावरचं काहीतरी परत आलं नाही. आकाशात विमान आलं की ते मान खाली घालत.

धान घरी आलं आणि थंडी सुरू झाली तसे ते बेचैन झाले. दर वर्षी याच सुमारास ते एकटे नवेगावला जात. तिथं श्रावण मडावी म्हणून त्यांच्या हाताखाली काम केलेला एक जुना सोबती होता, त्याला भेटायला. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. काकींनी कधी बरोबर येते म्हटलं नव्हतं, त्यांनी कधी चल म्हटलं नव्हतं.

एका संध्याकाळी काकी देवळात गेल्या होत्या. काकाजी माझ्या दारात आले, आत आले नाहीत. मला रविवारी नवेगावला घेऊन चला म्हणाले. जाऊ की, मी म्हटलं, मडावींचा पत्ता काय. ते उंबऱ्यावर बसले. मग जे सांगितलं ते माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघत सांगितलं.

राजूच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. जंगलाच्या कडेला गार्डसाठी एक खोलीचं क्वार्टर होतं, तिथं. आठव्या दिवशी ती गेली. काकींना ताप होता, शुद्ध नव्हती. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. काकाजींनी तिला आपल्या खाकी टॉवेलात गुंडाळून एकट्यानं नेलं. त्या जागी दगड ठेवला नाही, खूण केली नाही. तशी रीत नसते, आणि दुसरं असं की खूण दिसली असती तर सुलोचना रोज तिथं जाऊन बसली असती. ती तेव्हा जेवतसुद्धा नव्हती. म्हणून त्यांनी जागा फक्त डोक्यात ठेवली. नाल्यावरच्या लहान पुलापासून उत्तरेला एकशेचाळीस पावलं, तिथून पूर्वेला बत्तीस. कोणालाच सांगितली नाही. काकींनी शुद्धीवर आल्यावर एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले, जंगलात ठेवली. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

दर वर्षी ते जात ते तिच्याकडं.

मला जो प्रश्न पडला तो मी विचारला. या दिशांचं वेड तेव्हापासूनच का. काकाजींनी मान हलवली. नाही म्हणाले. ते आधीपासूनच, त्यांचा बापही तसाच होता. बाप तर वरातीत नवरदेवाला दिशा विचारायचा.

मग म्हणाले, "पावलं पाठ आहेत. अजूनबी. पण उत्तर कोणती तेच मालूम नाही. तुमच्या फोनात दिशा दिसते म्हणून राहिल्या होत्या न तुम्ही."

रविवारी सकाळी मी बाहेर आले तर काकी फाटकाशी उभ्या होत्या. चांगलं लुगडं, पायात चप्पल, हातात डब्याची पिशवी. काकाजी त्यांना सांगत होते की थंडी आहे, एसटीत गर्दी असते, श्रावणकडं काय बघायचं आहे तुला. काकी ऐकून घेत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "अजी, श्रावणभाऊ जाऊन सहा साल झाले. त्याच्या बायकोचा मले तवाच फोन आला होता."

सहा वर्षं ते मेलेल्या मित्राला भेटायला जात होते, आणि दर वर्षी काकी त्या मित्रासाठी अनारसे बांधून देत होत्या.

एसटीत आम्ही तिघं एका ओळीत बसलो. नवेगावला उतरून आम्ही तलावाच्या बाजूनं कच्च्या रस्त्यानं चालत गेलो. जुनं क्वार्टर अजून उभं होतं, म्हणजे भिंती होत्या, छप्पर नव्हतं. आत एरंड वाढला होता. काकी दारापाशी थांबल्या, आत डोकावल्या, चूल होती त्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग पुढं झाल्या.

नाल्यावर गेलो तर अडचण समजली. जुना लहान पूल राहिला नव्हता. त्या जागी, किंवा त्याच्या जवळपास, नवा रुंद पूल झाला होता. काकाजी गेल्या वर्षी आले तेव्हाही तोच होता, पण तेव्हा त्यांना पुलाची गरज नव्हती. पाय आपोआप जात होते. आता मोजायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची. मी फोन काढला, उत्तर दाखवली. काकाजी पुलाच्या कठड्याला हात लावून उभे राहिले आणि चालायला लागले. पावलं मोठ्यानं मोजत होते. आम्ही मागून. साठपर्यंत गेल्यावर ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं की ती पावलं जवान गार्डची होती. आताचं पाऊल तेवढं पडत नव्हतं.

परत फिरून पुन्हा मोजलं. ताणून पावलं टाकली, धाप लागली. एकदा बांबूच्या बेटात पोहोचलो, एकदा दोन मोहांच्या मध्ये, एकदा उताराच्या कडेला. प्रत्येक ठिकाणी ते वाकून जमीन बघत आणि मान हलवत. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना वाट चुकलेलं पाहिलं आहे, आरशात तर रोजच, पण असं कोणी पाहिलं नव्हतं. चौथ्यांदा परत जायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. म्हणाले, "तिची जागा मालूम असणारा मीच एकटा होतो. आता कोणीच नाही."

हे त्यांनी मला सांगितलं, पण काकी चार पावलांवर होत्या. त्या जवळ आल्या. आजूबाजूला नीट पाहिलं, बांबूपासून मोहापर्यंत, मोहापासून उतारापर्यंत. आमच्या शाळेच्या मैदानाच्या निम्मी असेल ती जागा. मग त्यांनी विचारलं, "एवढ्यातच कोठंतरी आहे न?"

काकाजी म्हणाले, एवढ्यातच आहे, याच्या बाहेर नाही.

"मंग पुष्कळ झालं," काकी म्हणाल्या. "मले तं आजपर्यंत एवढंबी मालूम नव्हतं."

त्या मोहाखाली बसल्या. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून पानांवर ठेवला. काकाजी उभेच होते. काकींनी त्यांच्याकडं न बघता शेजारची पानं हातानं सारखी केली, तेव्हा ते बसले. मी थोडी लांब, पुलाकडं जाऊन थांबले. पण जंगलात सकाळी आवाज लांबवर येतो.

काकी एक एक गोष्ट विचारत होत्या. टॉवेल कोणता होता. थंडी होती का. खड्डा खोल केला होता ना, जनावरांचं भय असते. काकाजी प्रत्येकाचं उत्तर देत होते, मोजून, जसं साहेबांपुढं सांगावं तसं. मग काकींनी विचारलं, "डोकं कोणीकडं ठेवलं होतं तिचं?"

काकाजींनी मान वळवून झाडीकडं पाहिलं. मला वाटलं, दिशा आठवत नसेल.

"तुह्याकडं," काकाजी म्हणाले. "क्वार्टरकडं. तू होती न तिकडं."

दुपारी तलावाच्या काठावर आम्ही चहा घेतला. पाण्यात लांब कुठूनतरी आलेली बदकं बसली होती. काकाजींनी दोन अनारसे खाल्ले. काकी म्हणाल्या की गोळीची वेळ झाली, आणि त्यांनी गोळी घेतली.

परतीच्या एसटीत मला पुढची जागा मिळाली, ती दोघं माझ्या मागच्या सीटवर होती. कोहमाऱ्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, पुन्हा निघाली. तेव्हा काकींचा आवाज आला. त्या सांगत होत्या की तिचं बारसं झालं नाही, पण त्यांनी नाव ठरवून ठेवलं होतं. पोटात होती तेव्हापासून. मुलगा झाला तर काय ते ठरवलंच नव्हतं.

काकाजींनी विचारलं, काय नाव.

"कुंदा."

गाडी खड्ड्यातून गेली. कंडक्टर पैसे मागत मागून पुढं आला, गेला. गोरेगावची घरं दिसायला लागली. मग माझ्या पाठीमागून काकाजींचा आवाज आला, सावकाश, एखादा फॉर्म भरताना अक्षर चुकू नये म्हणून बोलावं तसा.

"कुंदा हेमराज टेंभरे," ते म्हणाले.

"हो," काकी म्हणाल्या.